भाषाविज्ञानाची शाखा: आवडता प्रश्न पाहून घ्यावी की रोजचं काम पाहून?

अनुस्वार
भाषाविज्ञानात एम.ए. करू पाहणाऱ्यांना बहुतेक जण एकच सल्ला देतात: जो प्रश्न स्वस्थ बसू देत नाही, त्याची शाखा घे. मला हे अजिबात पटत नाही. मूल भाषा कसं शिकतं, भाषा का बदलते, व्याकरण मेंदूत कुठे असतं, हे प्रश्न सगळ्यांनाच भुरळ घालतात. पण पुढची वर्षं जातात कामात, आणि शाखा बदलली की काम पार बदलतं.

स्वनविज्ञान घ्या, म्हणजे बोलण्यातल्या ध्वनींचा अभ्यास. ध्वनिमुद्रण 'प्राट' या आवाज तपासायच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडायचं. 'त' म्हणताना जीभ दातांपासून सुटली तो क्षण आणि स्वरतंतू कंप पावू लागले तो क्षण स्पेक्ट्रोग्रामवर, म्हणजे आवाजाच्या चित्रावर, शोधून दोन रेघा मारायच्या. मधलं अंतर मिलिसेकंदांत मोजायचं. मग 'थ', तिथे ते बरंच जास्त. मग पुढचा शब्द, पुढचा माणूस, शेकडो वेळा.

वाक्यविचारात, म्हणजे वाक्याच्या रचनेच्या अभ्यासात, यातलं काहीच नाही. 'त्याने पुस्तक वाचलं' यात 'ने' आहे, 'मी पुस्तक वाचलं' यात नाही, तरी दोन्हीकडे क्रियापद पुस्तकाप्रमाणे चालतं. 'तू पुस्तक वाचलंस' म्हटलं की शेवटचा 'स' कर्त्याचा आणि त्याआधीचं नपुंसकलिंग पुस्तकाचं, म्हणजे एकाच क्रियापदावर दोघांचा हक्क. या एका वाक्यापाशी तुम्ही आठवडाभर रमू शकत असाल तर वाक्यविचार घ्या. व्याकरणाचा सिद्धांत मांडणारा चॉम्स्की वाचून भारावलात एवढ्यावर घेऊ नका.

घोषवर्ण
या सगळ्यात पोटाचा प्रश्न कुठे आहे? वाक्यविचार किंवा ऐतिहासिक भाषाविज्ञान शिकलेल्याला त्याच विषयात राहायचं तर अध्यापन-संशोधनाच्या मोजक्या जागा, आणि त्यांच्यामागे लागलेले पुष्कळ. संगणकीय भाषाविज्ञान, म्हणजे यंत्राला भाषा हाताळायला शिकवणं, घेतलेल्याला विद्यापीठाबाहेरही काम मिळतं, आणि ते काम भाषेचंच असतं. 'घरासमोरच्यांनाही' हा एक शब्द पाहा. घर, त्याचं सामान्यरूप, 'समोर', 'च्या', अनेकवचनाचा अनुस्वार, 'ना', 'ही'. असा शब्द भल्यामोठ्या कॉर्पसमध्येही (अभ्यासासाठी जमवलेल्या मजकुरात) एखाद-दुसऱ्या वेळी सापडेल. यंत्राने तो कुठे तोडावा हा अस्सल रूपविचाराचा, म्हणजे शब्दाच्या घडणीचा, प्रश्न आहे. कर्ज काढून शिकणाऱ्याला 'आवडेल ते घे' म्हणणं मला बेजबाबदारपणाचं वाटतं.

उपधा
घोषवर्ण, नोकरीचं म्हणता ते खरं, पण तुम्ही हत्याराला शाखा समजताय. याच क्षेत्रात कित्येकांनी वर्षानुवर्षं हाताने नियम लिहून व्याकरणं उभी केली. मग संख्याशास्त्रीय पद्धती आल्या, मग उदाहरणांवरून स्वतः शिकणारी न्यूरल जाळी, २०१७ मध्ये त्यांचाच नवा प्रकार ट्रान्सफॉर्मर. दर वेळी आधीचं कौशल्य मागे पडलं. टिकलं ते खालचं ज्ञान. मजकूर वाचून दाखवणारं यंत्र 'चार' आणि 'चारा' यांतला 'च' वेगवेगळा कसा उच्चारणार? लिपीत तर तो एकच. 'जरा थांब' मधला 'जरा' आणि म्हातारपण या अर्थाचा 'जरा' लिहायला तंतोतंत सारखे. यंत्राचा उच्चार कुठे चुकला हे ओळखायला स्वनविज्ञान पक्कं लागतं. आधी गाभ्याची शाखा करा, प्रोग्रॅमिंग जोडीला शिका.

घोषवर्ण
जोडीला शिकू म्हणणारे क्वचितच शिकतात. पदवीवर त्या विषयाचं नाव लागलं की शिकावंच लागतं.

जुनी पोथी
माझा आक्षेप मूळ मुद्द्यालाच आहे. अनुस्वार म्हणतात काम पाहा. स्विस भाषाशास्त्रज्ञ सोस्यूर १८७९ च्या आपल्या प्रबंधात काय करत होता? संस्कृत, ग्रीक, लॅटिन वगैरे भाषांतली रूपं एकाखाली एक मांडत होता. कामाचं वर्णन एवढंच ठेवलं तर कोण जाईल तिकडे? पण स्वरांच्या आदलाबदलीत काहीतरी बसत नव्हतं, आणि ते त्याला सोडवत नव्हतं. शेवटी एकविसाव्या वर्षी त्याने सांगितलं की मूळ भारत-युरोपीय भाषेत असे काही ध्वनी असले पाहिजेत जे तेव्हा माहीत असलेल्या एकाही भाषेत उरलेले नाहीत. पुढे १९१५ मध्ये ह्रोझ्नीने हित्ती ही प्राचीन भाषा उलगडली आणि १९२७ मध्ये कुरिलोविचने दाखवलं की हित्तीतला एक ध्वनी नेमक्या त्याच जागी आहे. सोस्यूर १९१३ मध्येच वारला होता. भाषाविज्ञानाचा यापेक्षा मोठा विजय मला माहीत नाही. प्रश्न मनात नसता तर त्या याद्या कोणी सोसल्या असत्या?

अनुस्वार
जुनी पोथी, उदाहरण सुंदर दिलंत, पण ते माझ्याच बाजूने बोलतं. त्या याद्यांत गोडी वाटणाऱ्यालाच न बसणारी जागा दिसली. समाजभाषाविज्ञानातल्या लबॉव्हचं घ्या. उच्चारावरून सामाजिक थर कळतो का, हा प्रश्न कोणालाही सुचेल. तो न्यूयॉर्कच्या तीन डिपार्टमेंट स्टोअर्समध्ये गेला, चौथ्या मजल्यावर मिळणारी वस्तू कुठे आहे असं विचारून 'फोर्थ फ्लोर' हे उत्तर घेतलं, ऐकू न आल्यासारखं करून पुन्हा वदवलं आणि 'र' उच्चारला की गिळला ते टिपत गेला. २६४ जणांचं. अनोळखी माणसांशी बोलायचा ज्याला मनापासून कंटाळा आहे, त्याने समाजभाषाविज्ञान घेऊ नये, प्रश्न कितीही आवडो.

पारवा
तुमच्या सगळ्यांच्या बोलण्यात बोलणारी माणसं फक्त नमुना म्हणून येतात, हे मला खटकतं. गम्पर्झ आणि विल्सन या भाषा-अभ्यासकांचा सांगलीजवळच्या कुपवाडवरचा १९७१ चा लेख आठवा. मराठी, कन्नड आणि उर्दू एकाच गावात शतकानुशतकं नांदल्या, शब्द आपापले राहिले आणि वाक्यरचना इतकी जवळ आली की जवळपास शब्दाला शब्द ठेवून एकीतून दुसरीत जाता येतं. हे वाक्यविचार आहे, समाजभाषाविज्ञान आहे की ऐतिहासिक? माणसांमध्ये जाऊन काम केलं की शाखांच्या भिंती राहत नाहीत. शिवाय अनुस्वार, जो विद्यार्थी अजून वर्गातच बसलेला नाही, त्याला रोजचं काम कळणार कसं? एखादी भाषा निवडावी, तिच्यावर काम करणारा गाइड शोधावा. शाखा मागून ठरते.

अनुस्वार
कळणार कसं याचं उत्तर आहे. प्रवेशाआधी पाच मिनिटांचं मोकळं बोलणं रेकॉर्ड करावं आणि आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपीत उतरवून काढावं, अडखळणं आणि अर्धवट वाक्यांसकट. ध्वनींत जीव गुंतला की वाक्याच्या जोडणीत, हे त्यातच समजतं. प्राट फुकट मिळतं, अडवणारं कोणी नाही.

पारवा
नवख्याला त्यात कित्येक तास जातील. आणि ध्वनिलिपी न शिकता तो उतरवणार काय? तो वैतागेल, आणि तो वैताग म्हणजे नावड असं धरून विषयच सोडेल.

घोषवर्ण
वैतागून सोडणारे दुसऱ्या सेमिस्टरलाही सोडतात, आणि तोवर फी भरलेली असते. अनुस्वारांची ही एक सूचना मला मान्य. पण सगळं करून दोन शाखा सारख्याच आवडल्या, तर जिच्यात प्रोग्रॅमिंगचा पेपर आहे ती घ्या, असंच मी सांगेन.