देह म्हणजे ‘मी’ की ‘माझा’?

पारावरचा
बाबांचा उजवा पाय मधुमेहापायी गुडघ्याखाली काढावा लागला, त्याला चार महिने झाले. परवा रात्री हाक आली, “अरे, अंगठा खाजतोय.” कुठला, ते विचारायची गरजच नव्हती. मी खुळ्यासारखं गादीवरच्या रिकाम्या जागी खाजवलं. म्हणाले, “हं, आता बरं वाटतंय.”
तेव्हापासून गीतेतला जुन्या वस्त्रांचा दाखला डोक्यात घोळतोय. पाय गेला, पायवाला राहिला. आपण ‘माझा पाय’ म्हणतो, ‘मी पाय’ म्हणत नाही. म्हणजे मालक वेगळाच ना?

खडूसकाका
‘माझा आत्मा’ही म्हणतोच की. त्याचा मालक कोण? व्याकरणातून अध्यात्म काढू नका.
अमेरिकेतल्या यादवी युद्धात हातपाय गमावलेल्या सैनिकांत वेअर मिचेल या डॉक्टरनं हेच पाहिलं होतं. मेंदूत अख्ख्या अंगाचा नकाशा असतो. पाय कापला तरी नकाशातला पाय कापला जात नाही. व्ही. एस. रामचंद्रन यांनी १९९० च्या दशकात रुग्णांपुढे साधा आरसा ठेवला. धड हाताचं प्रतिबिंब गेलेल्या हाताच्या जागी दिसलं, आणि काहींची नसलेली, आवळून दुखणारी मूठ सुटली. आता सांगा, आत्मा आरशाला फसतो?

ओवी_
काका, जन्मतः हात नसलेल्या काही जणांनाही हात जाणवतो. जो कधी नव्हताच, त्याचा नकाशा कुठून आला?

खडूसकाका
गर्भातून. मेंदू काय अंगाबाहेर असतो?

उपाशीपोटी_गोळी
दुसऱ्या बाळंतपणानंतर सहा महिने मी घरात नुसती खेकसत होते. सासूबाई म्हणायच्या, हिचा स्वभावच पालटला. रक्त तपासलं तर थायरॉइड! रोज ५० मायक्रोग्रॅमची गोळी सुरू झाली, आणि दोनेक महिन्यांत मी परत आले. लुगडं बदललं म्हणून नेसणारीचा स्वभाव बदलतो होय? देहापलीकडे आत्मा न मानणारे चार्वाकवाले म्हणायचे, किण्वातून (दारू आंबवायच्या खमिरातून) नशा चढते तशी माती, पाणी, तेज, वारा या महाभूतांच्या मिश्रणातून जाणीव येते. माझं किण्व डबीत मिळतं.

ओवी_
‘मी परत आले’ हे तुमचेच शब्द. ते सहा महिने बघणारी कुणीतरी होतीच, म्हणून तर आज आठवतात. ज्ञानेश्वरीचा तेरावा अध्याय क्षेत्र (देह, म्हणजे शेत) आणि क्षेत्रज्ञ (त्या शेताला जाणणारा) वेगळे काढतो. शेतात तण माजलं म्हणून शेतकरी तण होत नाही.

उपाशीपोटी_गोळी
तण शेतकऱ्याच्याच डोक्यात माजलं होतं, ताई. बघणारीच खेकसत होती.

नदीकाठ
थोडं अवांतर. आजीनं देहदानाचा अर्ज भरून ठेवला होता. ती गेल्यावर सगळ्यात जास्त कोण अडलं? रोज हरिपाठ म्हणणारे, ‘कुडी काय, मातीच’ म्हणणारे आमचे काका. “आईला चिरणार?” म्हणाले. कुडीला नव्हे, आईला! शेवटी नेली वैद्यकीय महाविद्यालयात. काका गाडीपर्यंतही आले नाहीत.

पारावरचा
बाबांना सगळा धागा वाचून दाखवला. फिजिओथेरपीवाल्या बाईंना आरशाचं विचारलं. पायासाठीही करतात म्हणाल्या. उद्या कपाटाचा आरसा काढतोय.
बाबांचं एवढंच म्हणणं, “आधी डाव्या पायाची नखं काप. दोन्हीकडं दिसतील.”