चॉकलेटवर ‘नेट कार्ब्स ४ ग्रॅम’ लिहिलंय, मग बाबांची साखर ४५ने कशी वाढली?

निशिगंध:
बाबा ६८ वर्षांचे आहेत. १४ वर्षांपासून टाइप २ डायबेटिस, मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड चालू, इन्सुलिन नाही. तीन वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झाली. गोडाचा त्यांना जीव की प्राण, आणि गेली कित्येक वर्षं सणावाराला सगळ्यांच्या ताटात गोड वाढलं की ते गप्प बसून राहतात. मला ते बघवत नाही.

या दिवाळीत भावाने अमेरिकेहून शुगर फ्री चॉकलेट आणलं. ४० ग्रॅमची वडी. मागे लिहिलंय: टोटल कार्बोहायड्रेट २४ ग्रॅम, त्यात फायबर ४, शुगर अल्कोहोल १६. पुढे ठळक अक्षरात नेट कार्ब्स ४ ग्रॅम. चार ग्रॅम म्हणजे काहीच नाही असं वाटून मी अख्खी वडी दिली. साडेचारला साखर १२६, मध्ये दुसरं काही खाल्लं नाही, साडेसहाला १७१. रात्री पोटात गुडगुड झाली ती वेगळीच.

बाबा माळकरी आहेत. ‘अल्कोहोल’ वाचून आईने पहिला प्रश्न विचारला, यात दारू आहे का? मलाही खात्रीने सांगता आलं नाही.

मावसबहिणीने जर्मनीहून पाठवलेलं एक चॉकलेट अजून फोडलेलं नाही. त्यावर १०० ग्रॅमला कार्ब्स ४५, त्यात पॉलिऑल ४०, आणि फायबर ९ वेगळ्या ओळीत. याचं गणित कसं करायचं?

पंचगंगाकाठची आई:
निशिगंधताई, आधी आईंना सांगा, दारूचा काही संबंध नाही, नशा येत नाही. साखरेऐवजी घालतात त्या गोड पदार्थांचं, रेणूच्या रचनेवरून पडलेलं नाव आहे. माल्टोज साखरेवर हायड्रोजनची प्रक्रिया केली की माल्टिटॉल, ग्लुकोजवर केली की सॉर्बिटॉल. एरिथ्रिटॉल मात्र यीस्टने आंबवून करतात. त्यातही दारू उरत नाही.

माझ्या लेकीला पाचव्या वर्षी टाइप १ निघाला. आता ती १३ वर्षांची आहे. आठ वर्षं तिच्या प्रत्येक घासाचे कार्ब्स मोजतेय, म्हणून सांगते: ‘नेट कार्ब्स’ हा आकडा कंपनी स्वतः काढते. अमेरिकेच्या अन्नखात्याने त्याची व्याख्या केलेली नाही. कंपनी फायबर आणि शुगर अल्कोहोल सगळंच्या सगळं वजा करते. शरीर मात्र सगळं वजा करत नाही.

तुमच्या वेष्टनावर घटकांची यादी बघा, बहुतेक माल्टिटॉल सापडेल. चॉकलेटवाल्यांचा तो लाडका, कारण चव आणि पोत साखरेच्या सगळ्यात जवळचा. पण शुगर अल्कोहोलांत साखर वाढवण्यातही तोच पुढे. अंदाजाला एक रीत वापरतात, शुगर अल्कोहोल निम्मंच वजा करायचं. २४ वजा ४ वजा ८, म्हणजे १२ ग्रॅम. लिहिलेल्याच्या तिप्पट! बाबांनी पथ्य मोडलं नाही, त्यांना बोल लावू नका.

एरिथ्रिटॉलचं उलट. ते बरंचसं रक्तात जातं, पण जसंच्या तसं लघवीवाटे निघून जातं. ते पूर्ण वजा केलं तरी चालतं. हे मला महागात पडून कळलं. लेकीच्या वाढदिवसाला एरिथ्रिटॉलचा केक आणला होता. तिच्या तुकड्यात एकूण कार्ब्स ३०, त्यातलं २२ एरिथ्रिटॉल. मी ३० धरून २ युनिट इन्सुलिन दिलं. दोन तासांनी पोरगी घामाघूम, हात थरथरत होते, मीटरवर ६२. ग्लुकोज पाजलं, १५ मिनिटांनी परत तपासलं, तेव्हा जीवात जीव आला. एकाच शब्दाखाली दोन इतके वेगळे पदार्थ येतात, म्हणून नाव वाचल्याशिवाय बेरीज-वजाबाकी सुरूच करू नका.

आपल्याकडच्या पाकिटांवर कधी नावाऐवजी नंबर असतो. सॉर्बिटॉल ४२०, माल्टिटॉल ९६५, झायलिटॉल ९६७, एरिथ्रिटॉल ९६८. मी हे पर्समधल्या चिठ्ठीवर लिहून ठेवलेत.

ऱ्हाइनकाठ:
जर्मनीच्या चॉकलेटबद्दल. युरोपात लेबलवरच्या कार्बोहायड्रेटमध्ये फायबर धरतच नाहीत, पॉलिऑल (म्हणजे शुगर अल्कोहोलच) मात्र धरतात. म्हणजे तुमच्या ४५ मधून फायबर आधीच वगळलेलं आहे. परत ९ वजा केलं तर आकडा खोटा येईल. त्यातही माल्टिटॉल असेल तर ४५ वजा ४० चे निम्मे, म्हणजे १०० ग्रॅमला २५. दोन चौकोन मिळून २० ग्रॅम असतील तर ५ ग्रॅम कार्ब्स. अमेरिकेच्या लेबलवर फायबर एकूण आकड्याच्या आत असतं, म्हणून तिथे वजा करायचं.

आणि घरात कुत्रा असेल तर झायलिटॉलच्या गोळ्या, च्युइंगगम उंचावर ठेवा. कुत्र्यांसाठी ते विष आहे.

निशिगंध:
तुमचं वाचून घटकांची यादी शोधली. माल्टिटॉलच आहे, दुसऱ्या क्रमांकावर.

फायबरवरून पोटात धस्स झालं. मी बाबांच्या ज्वारीच्या भाकरीचा हिशोबही असाच करतेय. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचा २०१७ चा तक्ता आहे माझ्याकडे. १०० ग्रॅम ज्वारीला कार्बोहायड्रेट ६७.६८, फायबर १०.२२. ४० ग्रॅम पिठाच्या भाकरीला २७ मधून ४ वजा करून २३ लिहिते. चुकतंय का?

आहारकट्टा:
मी आहारतज्ज्ञ आहे. हो, चुकतंय. त्याच ओळीतले आकडे मिळवून बघा: पाणी ९.०१, प्रथिनं ९.९७, स्निग्ध १.७३, राख (म्हणजे खनिजं) १.३९, फायबर १०.२२, कार्बोहायड्रेट ६७.६८. बेरीज बरोबर १००. म्हणजे फायबर आधीच बाजूला काढलंय. भाकरी २७ चीच धरा.

बाकी दोन गोष्टी कळकळीने सांगते. पहिली, बाबा ग्लिमेपिराइड घेतात, त्या गोळीने साखर खाली जाऊ शकते. चक्कर, घाम, थरथर झाली तर शुगर फ्री काहीही देऊ नका, त्याने साखर वेळेत वर येणार नाही. १५ ग्रॅम ग्लुकोज किंवा खरी साखर पाण्यात, आणि १५ मिनिटांनी परत तपासणी. दुसरी, त्यांची अँजिओप्लास्टी झालीय. २०२३ मध्ये क्लीव्हलँड क्लिनिकच्या संशोधकांना रक्तातलं जास्त एरिथ्रिटॉल आणि हृदयविकार-पक्षाघात यांचा संबंध दिसला. एकामुळे दुसरं होतं हे त्यातून सिद्ध झालेलं नाही, तरी रोज वापरायचं तर हृदयाच्या डॉक्टरांना आधी विचारा. स्टेव्हियाच्या पुड्यांतही बऱ्याचदा एरिथ्रिटॉलच जास्त असतं.

पोटातली गुडगुड माल्टिटॉलचीच. न पचलेला भाग मोठ्या आतड्यात आंबतो, जास्त झालं तर जुलाब होतात. आणि ‘शुगर फ्री’ काजूकतली आणलीत, तरी काजूचे स्वतःचे कार्ब्स असतातच. खजूर-अंजिराच्या बर्फीवर ‘साखर घातलेली नाही’ लिहितात ते खरं असतं, पण खजूर म्हणजे मुळातच निम्म्याहून जास्त साखर.

पंचगंगाकाठची आई:
ताई, एक राहिलं. जर्मनीचं द्याल तेव्हा दोनच चौकोन द्या, तेही बाकी काही न देता. आधी, एक तासाने, दोन तासांनी असं तीनदा तपासा. माल्टिटॉल सावकाश चढतं. तुम्ही काढलेल्या आकड्यापेक्षा बाबांच्या बोटातलं रक्त जास्त खरं सांगेल.

निशिगंध:
काल पाचला दोन चौकोन दिले. आधी ११९, सहाला १३१, सातला १२८. बाबांनी एक चौकोन लगेच खाल्ला आणि दुसरा बराच वेळ तोंडात धरून बसले होते.

भाकरीचे आकडे वहीत दुरुस्त केले. बाबा पहाटे गोदाकाठी फिरायला एकटे जातात, त्यांच्या पिशवीत ग्लुकोजची पुडी आणि पाण्याची बाटली ठेवलीय. शुक्रवारी डॉक्टरांकडे जाताना वही आणि दोन्ही वेष्टनं घेऊन जातेय.