रक्कम कमी का असते

एकाने लिहिलंय की पर्यावरण जपायला शेतकऱ्याला मिळणारे पैसे तुटपुंजे असतात कारण सरकार कंजूष. असेलही, पण मुळात पाचर मारलीये ती जागतिक व्यापार संघटनेच्या १९९५ च्या कृषी करारात, परिशिष्ट २, परिच्छेद १२. या करारात देशांनी शेतीची अनुदानं कमी करायचं बंधन आहे; पर्यावरणाच्या अनुदानाला त्या कपातीतून सूट हवी असेल तर रक्कम फक्त योजनेमुळे वाढलेला खर्च किंवा बुडालेलं उत्पन्न एवढीच, म्हणजे नफा धरायचाच नाही. आता हे बुडालेलं उत्पन्न बऱ्याचदा सरासरीवर काढतात, मग होतं काय की जिथे पाणी साचतं, ट्रॅक्टर वळत नाही असा कोपरा लोक आनंदाने योजनेत टाकतात आणि ओढ्याकाठची कसदार पट्टी, जिथून खत वाहून पाण्यात जातं, ती नांगराखालीच राहते कारण तिथे सरासरी रक्कम परवडत नाही. आणि ज्याने आधीपासूनच बांधावरची झाडं राखलीत त्याचं "बुडालं" काय? तो बसतो हात चोळत.

अशा सरकारी योजनांचा भरवसा नसतो, हा मुद्दा मात्र शंभर टक्के मान्य. इंग्लंडमध्ये पर्यावरण जपणाऱ्या शेतीला पैसे देणाऱ्या शाश्वत शेती प्रोत्साहन योजनेचे नवे अर्ज ११ मार्च २०२५ ला संध्याकाळी अचानक बंद केले, सहा आठवडे आधी कळवू असं आधी सांगितलेलं असताना. अर्धवट भरलेले अर्ज लटकले, ओरड झाली, मग मे महिन्यात त्यातल्या साधारण ३,००० जणांना परत दार उघडलं, तेही वर्षाला ९,३०० पौंडांची मर्यादा घालून. ज्याने त्या भरवशावर बियाणं आधीच घेऊन ठेवलं असेल त्याने काय करायचं?