दिवाणखान्याच्या भिंती पाडल्या की नाटकाचा सिनेमा होतो?

तिसरी घंटा
परवाची ती पोस्ट वाचल्यापासून डोकं फिरलंय. म्हणे, अभिजात प्रेमविनोदी नाटकाचा सिनेमा करताना पहिलं काम दिवाणखान्यातून बाहेर पडणं आणि दुसरं संवाद निम्मे करणं. वर वाहवाही!

अहो, दिवाणखाना हे त्या नाटकाचं यंत्र आहे. मोजकी दारं, आणि कोण कुठल्या दाराआड आहे हे प्रेक्षकाला ठाऊक, पात्राला नाही. ऑस्कर वाइल्डच्या 'द इम्पॉर्टन्स ऑफ बीइंग अर्नेस्ट'चा (१८९५) दुसरा अंक घ्या. इथं दिवाणखान्याऐवजी बाग, पण यंत्र तेच. जॅकनं अर्नेस्ट नावाचा एक भाऊ मनानंच रचलाय. जॅकचा मित्र अल्जर्नन 'मीच अर्नेस्ट' असं सांगून जॅकच्या पालकत्वाखालच्या सिसिलीबरोबर घरात गेलाय. तेवढ्यात बागेच्या मागच्या टोकाकडून जॅक सावकाश येतो. काळा पोशाख, काळे हातमोजे, हॅटला काळी फीत. त्याच अर्नेस्टचं सुतक! एक शब्द न बोलता हशा. कारण पुढे गप्पा मारणाऱ्या सिसिलीच्या शिक्षिका प्रिझमबाई आणि पाद्री चेझुबल यांना मागचा काळा ठिपका दिसत नाही, आपल्याला दिसतो.

आता 'बाहेर पडा'वाले काय करतील? जॅकला आधी शिंप्याकडे दाखवतील, मग स्टेशनवर, मग बग्गीत. बागेत पोचेपर्यंत विनोद शिळा. वर त्याच्या हातमोज्यांचा क्लोजअप! हा विनोद एकाच वाइड फ्रेममध्ये आहे. पुढे दोघं, मागे जॅक, तिघंही फोकसमध्ये, आणि जॅक चालत पुढे येईपर्यंत कट नाही. कट मारला की चतुराई दिग्दर्शकाची झाली, प्रेक्षकाची उरली नाही.

कात्रीकार
साफ असहमत. तुम्ही एक उदाहरण घेऊन नियम बनवताय. बर्नार्ड शॉचं 'पिग्मॅलियन' घ्या. हिगिन्स नावाचा भाषातज्ज्ञ एलायझा या फुलवालीला उच्चभ्रू बोली शिकवतो. नाटकात एलायझाची खरी परीक्षा रंगमंचावर होतच नाही. तिसऱ्या अंकात हिगिन्सच्या आईच्या घरी फजिती, चौथा अंक उघडतो तेव्हा मध्यरात्र झालीय आणि मेजवानी उरकलीय. १९३८च्या सिनेमात दूतावासातला समारंभ नव्यानं आला. तोही कुणा उपऱ्यानं घुसडला नाही, खुद्द शॉनं लिहिला, आणि त्या पटकथेसाठी त्याला ऑस्कर मिळालं. मग काय, शॉला नाटक कळत नव्हतं?

तिसरी घंटा
तुम्ही माझाच मुद्दा सिद्ध केलात, धन्यवाद. तिथं नाटकात *भोक* होतं. दोन अंकांमध्ये घडून गेलेली घटना दाखवणं वेगळं आणि अंकात घडणारी घटना उचलून नदीकाठी नेणं वेगळं. 'अर्नेस्ट'च्या २००२च्या सिनेमात अल्जर्नन गरम हवेच्या फुग्यातून उतरतो. दिसतं सुंदर. पण नाटकात बटलर कार्ड घेऊन येतो, सिसिली ते वाचते, आणि तो आत यायच्या आधी तिची जी धांदल उडते त्यात गंमत आहे. फुग्यातून येणाऱ्या माणसाला कार्ड कशाला पाठवावं लागेल?

कात्रीकार
फुग्याचं समर्थन मी करत नाही, बिल माझ्या नावावर फाडू नका. पण १९५२ची अँथनी अॅस्क्विथची आवृत्ती तुमच्या पद्धतीची आहे. ती सुरूच होते प्रेक्षक नाट्यगृहात येऊन बसतात आणि पडदा वर जातो तिथून. म्हणजे 'हे नाटक आहे हो' अशी आधीच माफी. आणि १९३८चा 'पिग्मॅलियन'ही याच अॅस्क्विथनं (लेस्ली हॉवर्डबरोबर) दिग्दर्शित केला होता. एकाच माणसाला दोन नाटकांत दोन वेगळे मार्ग सुचले. तेव्हा नियमबियम सोडा.

बूमवाला
दोघेही चित्रावर भांडताय. प्रेमविनोदी नाटक पडद्यावर मरतं ते *हशाच्या जागे*वर. त्याबद्दल एक अक्षर नाही.

रंगमंचावर नट हशा चढू देतो, शिगेला पोचू देतो आणि उतरायला लागला की पुढचं वाक्य घेतो. पूर्ण शांततेची वाट पाहिली की प्रयोग पडला. सिनेमात हा अंदाज संकलनाच्या टेबलावर एकदाच बांधायचा. तीन सेकंद सोडले आणि घरी एकटा माणूस बघत असेल तर ते तीन सेकंद म्हणजे विसरलेलं वाक्य वाटतं. नाही सोडले तर भरल्या थिएटरात पुढचं वाक्य बुडतं.

उपाय लेखनातच असतो. हशाच्या वाक्यानंतर दोनेक सेकंद कथेची माहिती ठेवायची नाही, म्हणजे नाव, नातं, पत्ता काही नाही. तिथं ऐकणाऱ्याचा चेहरा ठेवा, तीसेक फ्रेम, किंवा हाताला काम द्या.

कात्रीकार
चहा ओतणं, मफिन खाणं. सापडलं उत्तर, टाळ्या.

बूमवाला
टाळ्या जरा थांबवा, मफिनवरच येतो. 'अर्नेस्ट'च्या त्याच दुसऱ्या अंकाच्या शेवटी जॅक आणि अल्जर्नन मफिनवरून भांडतात. रंगमंचावर सोन्यासारखी जागा. कॅमेऱ्यासमोर? पाच अँगल, प्रत्येकी आठ टेक म्हणजे चाळीस वेळा खाणं. दुपारपर्यंत नटाचं पोट फुगतं आणि चेहऱ्यावरचा हावरेपणा जातो. मास्टरमध्ये (अख्ख्या प्रसंगाच्या वाइड शॉटमध्ये) मफिन अर्धा, क्लोजअपमध्ये अख्खा. तोंडात घास असताना बोललेली वाक्यं लगद्यासारखी ऐकू येतात, डबिंगला तीच पुन्हा.

म्हणून कुठल्या शब्दावर घास घ्यायचा ते संहितेत पेन्सिलनं आखतात. वाक्य *संपल्यावर* घास, मध्ये नाही. 'कट' झाला की थुंकायला बादली हाताशी. आणि संकलनात कट मारायचा तो हात ओठापाशी असताना, म्हणजे मफिन किती उरलाय ते दिसत नाही.

जनांतिक
मूळ प्रश्न मफिनखाली गाडला गेला. असो, तरी माझंही दुखणं मांडते. वेग! नाटकातले झटापटीचे संवाद सिनेमात मंदावतात ते नटामुळे नाही, कटांमुळे. एकाचा क्लोजअप चालू असताना कॅमेऱ्याबाहेरच्या नटानं त्याच्या वाक्यावर वाक्य घालायचं नसतं, नाहीतर दोन आवाज चिकटतात आणि कापताच येत नाही. म्हणून सेटवर प्रत्येक वाक्याआधी बारीक श्वासाएवढी जागा सोडतात. ती संकलनात कापली नाही तर? दर कटाला सहा फ्रेम धरा, दोनशे कट, म्हणजे बाराशे फ्रेम, सेकंदाला चोवीस. पन्नास सेकंद निव्वळ श्वास! प्रेक्षकाला कळत नाही काय बिघडलं, नुसती जांभई येते.

तिसरी घंटा
म्हणूनच म्हणते, टू-शॉटमध्ये खेळू द्या! प्रेमिकांचं भांडण एकाच फ्रेममध्ये हवं. एक बोलतो तेव्हा दुसऱ्याच्या चेहऱ्यावर उत्तर शिजताना दिसतं, तेच तर प्रेम. आळीपाळीनं क्लोजअप म्हणजे टेबल टेनिस.

कात्रीकार
आणि टू-शॉटमध्ये एकानं सतराव्या वाक्याला माती खाल्ली की अख्खा टेक कचऱ्यात. मग बसा पंचवीस टेक घेत. माझ्या टेबलावर येतो तेव्हा ना क्लोजअप असतो ना सुटका. शुद्धता तुमची, निस्तरायचं आम्ही!

जनांतिक
भांडू नका. 'हिज गर्ल फ्रायडे' या सिनेमात (१९४०) दिग्दर्शक हॉवर्ड हॉक्सनं तोड काढली होती. वाक्याच्या सुरुवातीला आणि शेवटाला फालतू शब्द लिहायचे. दोघं एकमेकांवर बोलले तरी बुडतात ते फालतू शब्दच, मधला अर्थ वाचतो. आता हे संवाद निम्मे करणाऱ्यांना सांगा. ते पहिल्या फटक्यात नेमके तेच शब्द छाटतात, 'भरताड' म्हणून.

कात्रीकार
हे मान्य. छाटताना मीही ते उडवले असते, लिहून घ्या, पुन्हा म्हणणार नाही. पण पात्रं तरी कमी करू द्याल की तेही पाप? 'द फिलाडेल्फिया स्टोरी' नाटकात नायिकेला सँडी नावाचा भाऊ आहे. १९४०च्या सिनेमात भाऊ गायब, त्याचं बरंचसं काम पहिल्या नवऱ्याकडे. त्यामुळे तो माणूस घरात का घुटमळतोय याला कारण मिळालं.

तिसरी घंटा
भाऊ घ्या, काका घ्या, हवं तर माळीही घ्या. दारं तेवढी ठेवा.

बूमवाला
ठेवा, पण बिजागरांना तेल घाला. प्रत्येक एंट्रीला कुरकुरतात आणि वाक्याचा पहिला शब्द खातात.