स्थितिक घर्षण: वस्तू हललीच नाही तर घासलं काय?

प्रश्न
घर्षणाची गणितं सोडवताना आकडेमोडीपेक्षा शब्दच जास्त छळतायत. 'स्थितिक घर्षण बल' हा शब्द घ्या, घर्षण म्हणजे घासणं ना, मग वस्तू जागची हललीच नाही तर घासलं काय? गणित असं आहे: १० किलोचा ठोकळा आडव्या खडबडीत जमिनीवर आहे, स्थितिक घर्षण गुणांक ०.५, गतिक (सरकत असतानाचा) ०.४, आडवं ३० न्यूटन बल लावलंय, तर घर्षण बल किती? जी, म्हणजे गुरुत्वीय त्वरण, १० धरलाय, त्यामुळे वजन १०० न्यूटन. गुणांक गुणिले १०० केलं की ५० येतात, पण मागे उत्तर ३० दिलंय. छपाईची चूक आहे का?

प्रतिसाद
नाही हो, उत्तर बरोबर आहे. ५० धरून बघा काय होतं ते. पुढे ३०, मागे ५०, म्हणजे मागच्या दिशेला २० न्यूटन उरले आणि त्वरण आलं २, म्हणजे तुम्ही ठोकळा पुढे ढकलताय आणि तो उलटा तुमच्याच अंगावर येतोय! घर्षण अडवतं, स्वतःहून ढकलत नाही. ५० ही त्याची कमाल मर्यादा आहे, तेवढं ते देऊ शकतं, पण देतं तेवढंच जेवढं अडवायला लागतं. ३० लावलेत तर ३०, १२ लावलेत तर १२, काहीच लावलं नाही तर शून्य.

त्या कमाल आकड्याला 'सीमांत घर्षण' म्हणतात आणि गुणांक गुणिले लंब बल (जमीन वस्तूला काटकोनात देते तो रेटा) हे सूत्र स्थितिक घर्षणासाठी फक्त तिथेच लागू पडतं. म्हणून गणितात 'सरकण्याच्या बेतात आहे' किंवा 'नुकतीच हलू लागते' असे शब्द आले की खूण समजायची, ते भाषेची सजावट म्हणून टाकलेले नसतात.

प्रतिसाद
शब्दाबद्दल: घर्षण हे घृष् धातूपासून, म्हणजे घासणंच, त्यामुळे तुमची शंका रास्त आहे. पण भौतिकशास्त्रात तो शब्द 'दोन पृष्ठभाग एकमेकांवरून सरकायला होणारा विरोध' असा घ्यायचा, मग प्रत्यक्ष सरकोत किंवा न सरकोत. नुसता 'विरोध' म्हणावं तर तो विजेच्या रोधाच्या फार जवळ जातो, तेव्हा आहे तेच बरं.

अजून एक घोळ मुलं हमखास घालतात, स्थितिक आणि स्थितिज. स्थितिज ऊर्जा म्हणजे स्थितीपासून जन्मलेली, तो शेवटचा 'ज' म्हणजे जन्मलेला. घर्षणात 'क' आहे, स्थितिक म्हणजे स्थिर असतानाचं. गतिज ऊर्जा आणि गतिक घर्षण यांचंही तेच. एका अक्षराचा फरक, पण पेपरात 'स्थितिज घर्षण' लिहिलं की वाचणाऱ्याला कळतं की पाठ केलंय.

प्रतिसाद
मला वाटतं खरी गडबड 'लावलेलं बल' या शब्दात आहे, त्यावर कोणी बोललंच नाही. प्रयुक्त बल म्हणजे हाताने, दोरीने, बाहेरून लावलेलं. न्यूटनच्या दुसऱ्या नियमात बल बरोबर वस्तुमान गुणिले त्वरण म्हणताना जे बल असतं ते हे नाही, ते निव्वळ बल, सगळ्यांची वजाबाकी बेरीज होऊन उरलेलं. त्याच ठोकळ्याला ६० लावा. ५० ची मर्यादा ओलांडली, ठोकळा निघाला, आणि निघाल्यावर घर्षण गतिक झालं म्हणजे ४०. निव्वळ २०, त्वरण २. इथे ५० वजा करून १ त्वरण काढणारे खूप असतात.

आणि ४५ लावले तर? ठोकळा उभा असेल तर हलणारच नाही, घर्षण ४५. पण आधीच सरकत असेल तर घर्षण ४०, निव्वळ ५, त्वरण ०.५. तेच बल, तोच ठोकळा, दोन वेगळी उत्तरं, त्यामुळे प्रश्नात वस्तू 'स्थिर आहे' का 'सरकत आहे' हे आकड्यांच्या आधी वाचायचं. 'एकसमान वेगाने ओढली' असं असेल तर निव्वळ बल शून्य, लावलेलं बल थेट ४०, पुढे काही करायचं नाही.

प्रश्नकर्ता
ओके, हे डोक्यात बसलं. पण मग 'लंब बल' म्हणजे वजनच ना? दर वेळी १०० च तर येतंय.

प्रतिसाद
दर वेळी नाही, जमीन आडवी आहे आणि बलही आडवं आहे म्हणून येतंय. इंग्रजीतला नॉर्मल हा शब्द लॅटिन 'नॉर्मा'वरून, म्हणजे सुताराचा गुण्या, काटकोन तपासायचा. तेव्हा नॉर्मल म्हणजे 'नेहमीचं' नाही, पृष्ठभागाशी काटकोनात. मराठीत 'लंब' किंवा 'अभिलंब' म्हटलं की हा गैरसमज होतच नाही, इथे आपला शब्द सरस आहे.

आता ५० न्यूटन बल आडव्याशी ३७ अंशात वर ओढून लावा. आडवा घटक ४०, वरचा ३०, कारण साइन ३७ साधारण ०.६ आणि कोसाइन ०.८. तो ३० ठोकळ्याला उचलू बघतो, त्यामुळे लंब बल १०० चं ७० झालं, मर्यादा ३५, आणि ४० त्याहून जास्त म्हणून ठोकळा निघतो. गतिक घर्षण २८, निव्वळ १२, त्वरण १.२. तेच ५० त्याच कोनात खाली दाबून ढकला, लंब बल १३०, मर्यादा ६५, आडवा घटक ४० च, ठोकळा ढिम्म. घर्षण किती? ४०, ६५ नाही.

उतारावर तर बल न लावताच लंब बल कमी होतं, वजन गुणिले कोसाइन. तिथे कोन वाढवत नेला की ज्या कोनाला वस्तू सुटते त्याचा टॅन म्हणजे स्थितिक गुणांक, ०.५ साठी साडेसव्वीस अंशांच्या आसपास. वस्तुमान त्यात येतच नाही.

प्रतिसाद
बाकी 'खडबडीत' म्हणजे घर्षण धरा आणि 'गुळगुळीत' म्हणजे सोडून द्या एवढाच गणितातला करार, खरा पृष्ठभाग हाताला कसा लागतो याच्याशी संबंध नाही. दोन धातूचे अगदी स्वच्छ, घासून सपाट केलेले पृष्ठभाग निर्वातात एकमेकांना चिकटूनही बसतात.

प्रश्नकर्ता
शेवटचं एक, 'घर्षण गतीच्या विरुद्ध दिशेला असतं' हे वाक्य तरी बरोबर आहे का?

प्रतिसाद
अर्धवट आहे. सापेक्ष सरकण्याच्या विरुद्ध, असं म्हणा. चालताना पाय जमिनीला मागे रेटतो, तो मागे सरकू नये म्हणून जमिनीचं घर्षण त्याला पुढे ढकलतं, म्हणजे गतीच्याच दिशेला. फळीवर खोका ठेवून फळी पुढे ओढली तर खोक्यावरचं घर्षणही पुढेच असतं, खोक्याला पुढे नेणारं दुसरं बलच नाही. गुणांक ०.५ असेल तर फळीचं त्वरण ५ पर्यंत खोका सोबत येईल, त्याच्या वर गेलं की मागे घसरायला लागेल आणि मग गतिक गुणांक लावायचा.