कथेतल्या मुलाला वर्ग कळतो ती जागा

कथेतल्या मुलाला वर्गभेद बहुधा एखाद्या वस्तूमुळे कळतो. मोठ्यांनी समजावल्यामुळे क्वचितच. अशी कोणती कथा वाचताना आपले बालपण आठवले आणि त्यातल्या कोणत्या मुलाच्या जागी आपण होतो, हे लिहावे. सुरुवात मी करते.

कॅथरीन मॅन्सफील्ड यांच्या १९२२ सालच्या ‘द डॉल्स हाउस’ या कथेत धुणी धुणाऱ्या बाईची मुलगी लिल शाळेत येते ती एका घरच्या हिरव्या टेबलक्लॉथचा झगा आणि दुसऱ्या घरच्या लाल पडद्यांच्या बाह्या घालून. तिथे मी पुस्तक मिटले. सातवीत मी वर्गमैत्रिणीचा जुना फ्रॉक घालून गेले होते. तिने तो ओळखला, पण बोलली काहीच नाही; कॉलरजवळच्या शाईच्या फिकट डागाकडे पाहून तिने नजर वळवली. चिडवले असते तर मी निदान भांडले तरी असते.

त्याच कथेतल्या शाळेच्या बाई लिलशी एका खास आवाजात बोलतात आणि बाकीच्या मुलांकडे पाहून खास हसतात. तीस वर्षे शिकवून झाल्यावर हे वाचले आणि असा आवाज माझाही होता, हे ध्यानात आले. फी थकलेल्या मुलाचे नाव मी हळू, समजूतदार सुरात घेत असे. मला ती माया वाटे. वर्गाला मात्र त्या सुरावरूनच कोणाची फी थकली आहे, ते कळत असे.

टोनी केड बंबारा यांच्या ‘द लेसन’ या कथेतली गरीब वस्तीतली मुलगी सिल्व्हिया खेळण्यांच्या महागड्या दुकानाच्या दाराशी बिचकते; तिथल्या शिडाच्या होडीची किंमत १,१९५ डॉलर असते. मी तशा दारांतून बेधडक शिरणाऱ्यांपैकी. न बिचकण्यालाही कारण असते, हे मला तोवर सुचले नव्हते.

प्रेमचंदांची ‘ईदगाह’ आम्हाला निव्वळ त्यागाची कथा म्हणून शिकवली गेली, ही माझी तक्रार आहे. खिशात तीन पैसे असलेला हमीद आजीसाठी चिमटा घेतो, एवढेच परीक्षेत लिहायचे. पण मातीच्या खेळण्यांपेक्षा चिमटा कसा श्रेष्ठ, हे तो मित्रांना ज्या हिरिरीने पटवतो, ती हिरीर मला ओळखीची आहे. सहलीचे पैसे घरी मागितले नाहीत, तेव्हा बस लागते म्हणून मी येत नाही, असे मी सांगितले होते. आणि ते इतके पटले की पुढच्या वर्षी पैसे असूनही मला कोणी विचारले नाही.