टेकडीवर राबणाऱ्यांचा जाहीर सत्कार व्हावा का?

तळजाईकर : येत्या ५ जूनला, पर्यावरण दिनी, आमच्या भागातले रहिवासी एक कार्यक्रम करायच्या विचारात आहेत. पुण्यातल्या तळजाई आणि वेताळ टेकडीवर वर्षानुवर्षं झाडं जगवणाऱ्यांना बोलवायचं, चारचौघांत त्यांची नावं घ्यायची, शाल-श्रीफळ द्यायचं. बैठकीत बऱ्याच जणांनी नाकं मुरडली. निष्काम काम आहे, सत्कार कशाला, असं त्यांचं म्हणणं. मला अजिबात पटत नाही. जुलैत रोपं लावायला ही गर्दी होते; मार्चपासून पाणी घालायला चार-दोन डोकी उरतात, तीही बहुतेक साठी ओलांडलेली. पाच लिटरचा कॅन घेऊन चढ चढायचा, आळ्यातलं गवत उपटायचं, बुंध्याभोवती दगड रचायचे म्हणजे ओल टिकते. गणपतीत वर्गणी देणाऱ्याचं नाव मांडवातल्या फलकावर लागतं, मग यांचं नाव घ्यायला आपण का कचरतो?

माळरान : माझा विरोध आहे. सत्कार आला की आकडा आलाच : कुणी किती झाडं लावली? आपल्या टेकड्या मुळात गवताच्या आणि विरळ झुडपांच्या. चंडोल, तित्तीर तिथे जमिनीवरच अंडी घालतात. त्या गवतात खड्डे घेऊन वड-पिंपळ लावणं ही टेकडीची सेवा नव्हे. गिरिपुष्पाचं काय झालं ते डोळ्यांसमोर आहे. मूळचं मध्य अमेरिकेतलं झाड, भराभर वाढतं म्हणून टेकड्यांवर लावलं. फेब्रुवारीत गुलाबी फुलांनी लगडलेलं सगळ्यांना आवडतं, पण एकदा त्याच्याखाली वाकून बघा, आपल्याकडचं फारसं काही उगवलेलं दिसत नाही. तेही कुणीतरी मनापासूनच लावलं होतं. आधी काय लावलं, कुठे लावलं ते तपासा, मग हार घाला.

बावधनची सून : माळरान, तुमचा मुद्दा झाडं लावणाऱ्यांपुरता झाला. माझ्या सासूबाई दर रविवारी टेकडीवरच्या बाटल्यांच्या काचा वेचतात. हातात लांब चिमटा आणि जाड गोणपाट, कारण प्लॅस्टिकची पिशवी काचेनं फाटते. घरी आल्यावर नातेवाईक विचारतात, "तुम्हाला काय पडलंय? महापालिका आहे ना?" इतकी वर्षं त्या हे ऐकून घेताहेत. एकदा भर सभेत त्यांचं नाव घेतलं गेलं तर ही तोंडं बंद होतील. बाहेरून हे फुटकळ वाटेल, घरात त्याला फार किंमत असते.

वणवा : मी आग विझवायला जाणाऱ्यांपैकी. एप्रिलच्या दुपारी गवत पेटलं की ओल्या फांद्यांनी झोडपत पुढे सरकायचं, धुरानं डोळे उघडवत नाहीत, आणि निम्म्या पोरांच्या पायात साध्या चपला असतात. शालीचे पैसे जाड बूट, हातमोजे आणि अपघात विम्याला द्या. दिवाळीनंतर गवत वाळलं की जाळरेषा, म्हणजे आग पुढे सरकू नये म्हणून गवत काढलेला मोकळा पट्टा, काढायला माणसं द्या. आणि खरा मान म्हणजे ऐकून घेणं. पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळांना २०२४ मध्ये संयुक्त राष्ट्रांचा 'चॅम्पियन्स ऑफ द अर्थ' सन्मान मिळाला, आपण सगळ्या पुण्यानं अभिमानानं सांगितलं. त्यांच्या समितीचा पश्चिम घाटाचा अहवाल २०११चा, तो मात्र सरकारांनी बाजूलाच ठेवला. टेकडीवरून न्यायचं ठरलेल्या बालभारती-पौड फाटा रस्त्याविरुद्ध एप्रिल २०२३ मध्ये लोक वेताळ टेकडीसाठी चालले, तेव्हा त्यांनाच विकासाचे शत्रू म्हटलं गेलं. टेकडी राखा एवढंच ते मागत होते.

तळजाईकर : वणवा, बूट आणि विमा हवाच, ते मी बैठकीत मांडतो. पण दोन्ही का नको? नाव घेतलं की माणूस दिसतो, आणि दिसणाऱ्या माणसाचं ऐकून घ्यावं लागतं. माळरान यांचं म्हणणं मान्य करून सुचवतो : झाडांचा आकडा विचारायचाच नाही. स्थानिक झाड तीन उन्हाळे जगवलं, गवत राखलं, आग विझवली, कचरा उचलला, एवढंच बघायचं. गिरिपुष्पाखाली जे मोई, मेढशिंगी, धामण ही इथलीच झाडं पुन्हा वाढवताहेत, त्यांना आधी बोलवायचं.

माळरान : हे बरं आहे, तरी मन होत नाही. आपण दोन तास जातो आणि स्वयंसेवक म्हणवतो. वनखात्याचा वनमजूर दिवसभर त्याच उन्हात जाळरेषा काढतो, वणव्यात आपल्या आधी पोचतो. त्याला हजेरीचे पैसे मिळतात म्हणून तो यादीत नाही? पुढच्या रांगेत आपण बसायचं आणि सतरंज्या त्यानं उचलायच्या, अशा कार्यक्रमाला मी येणार नाही.

वणवा : शंभर टक्के. आमच्या बाजूच्या वनमजुरांची नावं मी देतो. त्यांना आधी विचारा, परस्पर छापू नका. आणि कार्यक्रम सभागृहात नको, सकाळी सातला टेकडीवरच ठेवा, नऊनंतर ऊन चढतं.